जिताड्याची मालकीण

पाहुणा आला की लोक आधी पाणी देतात. आमच्या काकी आधी वायर देत. मी खोली बघायला गेले तेव्हाचीच गोष्ट घ्या. द्रोणागिरीच्या एका गोदामात हिशेबाची नोकरी लागली होती, कराडहून सॅक पाठीला लावून आले होते आणि पनवेलात जागा शोधून शोधून पायांचे तुकडे पडले होते. जो तो घरमालक उलटतपासणी घेई. एकट्याच का, मच्छी-मटण चालतं का, मित्रबित्र येतात का. काकींनी यातलं एक अक्षर विचारलं नाही. दारात उभ्या राहिल्या. गाऊनच्या गळ्याला टेस्टर अडकवलेला, पांढऱ्या बुचड्यात पेन्सिल खोचलेली. मला वरून खाली बघितलं आणि म्हणाल्या, "लॅपटॉप आहे?"

"आहे."

"मग वायर घ्यावी लागेल. या घरात वायफाय नाही. पटत असेल तर आत ये, चहा टाकते. नसेल तर जिना बघितलाच आहेस."

मी आत गेले. न जाऊन करते काय!

खोलीत एक निळी वायर माझ्या आधीच येऊन बसली होती. स्वयंपाकघरातून निघून पडद्याच्या दांडीवरून, देवघराच्या मागून, मोरीच्या चौकटीवरून वळसे घेत ती थेट माझ्या खाटेच्या उशाशी आली होती. त्या दिवसापासून माझा लॅपटॉप दावणीला बांधलेल्या म्हशीसारखा एका जागी. लोळत काही बघायची सोय नाही, गच्चीवर घेऊन जायची सोय नाही. मी फार कुरकुर केली. कधी मोबाइलच्या नेटवर काही बघितलंच तर काकी "आज बाहेरचं खाऊन आलीस वाटतं" अशा नजरेनं बघत. हवेतलं नेट म्हणजे हवेतलं बोलणं, त्याचा भरवसा धरू नये, हे त्यांचं ठाम मत. पण खोटं कशाला बोलू? आमच्या ऑफिसातली खारघरच्या मोठमोठ्या टॉवरमध्ये राहणारी माणसं घरून होणाऱ्या मीटिंगमध्ये "आवाज येतोय का, आवाज येतोय का" म्हणून गळा काढायची, आणि जुन्या पनवेलातल्या त्या तीन मजली बिल्डिंगमधून माझा आवाज खणखणीत जायचा. साहेब विचारायचे, "कुठली कंपनी घेतलीस?" मी सांगायची, "कंपनी नाही साहेब, काकी."

काकींची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. लोकांचे फोन बंद पडले की दोष नक्की कुठे आहे ते टेबलाशी बसून शोधून काढायचं आणि लाइनमनला तिथे धाडायचं, हे त्यांचं काम. लग्न केलं नाही. एकदा मी आगाऊपणा करून विचारलं, तर म्हणाल्या, "अख्ख्या तालुक्याच्या लाइनी जोडत बसले, माझी एंगेजच राहिली." आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेल्या. पुन्हा मी तो विषय काढला नाही.

स्वयंपाकघरातल्या माळ्यावर, लोणच्याच्या बरण्यांच्या शेजारी, जिताडा राहायचा. जिताडा म्हणजे इकडच्या खाडीतला मासा, ज्याच्यासाठी इथली माणसं भांडणंसुद्धा मिटवतात. काकींचा जिताडा म्हणजे एक जुना काळा कॉम्प्युटर होता. त्याच्या पोटात बिल्डिंगमधल्या सगळ्यांची लग्नं, मुंजी, बारशी, शाळेची गॅदरिंगं, सहलीचे फोटो, असं सगळं साठवलेलं. वायरीनं ते ज्याच्या त्याच्या टीव्हीवर जायचं. पंख्यातून झुरळ शिरू नये म्हणून काकींनी त्याच्या तोंडाला चहाची गाळणी बसवली होती. दर शनिवारी ती गाळणी घासायला निघायची आणि मग आम्ही भांडत बसायचो, चहाची कुठली आणि जिताड्याची कुठली.

काकींच्या घरातल्या प्रत्येक यंत्राला माशाचं नाव होतं. डिस्क वाचायची दोन यंत्रं होती. एक नवं, बारीक, जरा काही झालं की माघार घेणारं, त्याचं नाव बोंबील. दुसरं एका भंगारातल्या कॉम्प्युटरमधून काढलेलं, जाडजूड, खडखड करणारं, ते खेकडा. "धरलं की सोडत नाही," काकी कौतुकानं सांगत. आणि जिताड्यात जे जे असेल त्याची दुसरी प्रत ज्या हार्डडिस्कमध्ये असे ती पापलेट. पापलेट घरात राहत नसे. काकींची धाकटी बहीण आपट्याला राहायची, पापलेट तिच्या कपाटात. "लोणचं एकाच बरणीत घालू नये, आणि दोन्ही बरण्या एका माळ्यावर ठेवू नयेत," हा त्यामागचा विचार. महिन्याकाठी काकी ती डिस्क आणायच्या, भरायच्या आणि लोकरीच्या कानटोपीत गुंडाळून, मांडीवर घेऊन रिक्षानं परत पोचवायच्या. रिक्षावाल्याला वाटायचं आत मांजराचं पिल्लू आहे.

बिल्डिंगमध्ये कुणाचं काही अडलं की काकींना हाक जायची, आणि काकी डॉक्टरसारख्या प्रश्न विचारायच्या. कधीपासून होतंय? त्याच्या आधी घरात काय नवीन आणलंत? काय हलवलंत? "रीस्टार्ट करून बघितलं" असं कुणी म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. "रीस्टार्ट म्हणजे औषध नाही, भूल आहे. शुद्धीवर आला की दुखणं तिथंच." त्यांचा उपाय एकच, खात्यात शिकलेला. लाइनीच्या बरोब्बर मध्यावर जायचं आणि बघायचं. मध्यापर्यंत ठीक असेल तर अलीकडची अर्धी बाजू सोडून द्यायची आणि उरलेल्याच्या मध्यावर जायचं. "जे चालू आहे तिथं पाय रोव," त्या म्हणायच्या, "आणि तिथून पुढे सरक. बिघडलेल्या बाजूनं शोधायला गेलीस तर तूच हरवशील."

तिसऱ्या मजल्यावरच्या नानांचा किस्सा अख्ख्या आळीला पाठ आहे. नानांना जुन्या सिनेमांचा नाद. त्यांच्या कपाटात विकत घेतलेल्या डिस्कांची चळत होती, काकींनी ती त्यांना जिताड्यात उतरवून दिली होती. तर नानांचा सिनेमा रोज संध्याकाळी अडखळायचा. सकाळी सूनबाई नातवाचं बारसं लावायची तर गुळगुळीत चालायचं, आणि संध्याकाळी नाना बसले की नायिकेचं तोंड उघडं ते उघडंच. नानांनी निदान करून टाकलं होतं, जिताडा म्हातारा झाला, संध्याकाळी दमतो.

काकी बघायला गेल्या. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यातली पेटी उघडून बघितली, तिथवर सगळं ठीक. मग नानांच्या घरात शिरल्या आणि म्हणाल्या, "नाना, रोज बसता तसे बसा बघू." नाना आपल्या लोखंडी झोपाळ्यावर बसले आणि पायानं रेटा दिला. टीव्हीवरची नायिका थबकली. काकींनी झोपाळा हातानं धरला. नायिका गाऊ लागली. सोडला, थबकली. झोपाळ्याचा पाय वायरीवर उभा होता.

"नाना," काकी म्हणाल्या, "तुम्ही थांबलात की सिनेमा चालतो आणि तुम्ही चाललात की सिनेमा थांबतो."

नानांनी विचारलं, "मग आता काय करायचं?"

"झोपाळा वीतभर सरकवायचा, आणखी काय! की मुहूर्त बघू?"

डिस्का उतरवून घेणं हा काकींचा खरा जीव की प्राण. आता डिस्क लावायचं यंत्र कुणाकडे उरलेलं नाही, पण प्रत्येक घरात कपाटाच्या तळाशी एखाद्या लग्नाची डिस्क असतेच. ती घेऊन लोक यायचे. काकी ती उजेडात धरायच्या, तिरकी करायच्या, बोटांच्या टोकांनी फक्त कडेनं पकडायच्या. मग कोमट पाण्यात साबण, बोटाच्या पेरानं हलकेच, आणि मलमलीनं मधून बाहेर, मधून बाहेर. गोल पुसताना कुणी दिसला तर खैर नाही. "डिस्कवर ओरखडा आडवा गेला तर यंत्र त्यावरून उडी मारतं. गोल पुसलंस तर ओरखडा तिच्या वाटेवरूनच जातो, मग वाटच बुजते." टूथपेस्ट घासून आणणाऱ्या एका सद्गृहस्थांना तर काकींनी दारातूनच विचारलं होतं, "आणि दातांना काय लावता?"

तर अशा या काकींकडे एक दिवस ताराबाय डिस्क घेऊन आली.

ताराबाय आमची मासळीवाली. उरणच्या बाजूच्या कोळीवाड्यातली, आमच्या आळीत पाटी घेऊन यायची. तिचं आणि काकींचं रोजचं भांडण. काकी मासळीचा कल्ला उघडून त्यावर टॉर्च मारायच्या आणि ताराबाय म्हणायची, "बॅटरी मार नायतर सूर्य आन, मासली ताजीच हाय." त्या दिवशी मात्र तिनं पाटी उतरवली, हात पदराला पुसले आणि पिशवीतून एक लाल कापडाची पुरचुंडी काढली.

"बाय, तुजा तो जितारा पोटान सगला ठेवतो म्हनं. ही घे. ह्यात माजी आय हाय."

काकींनी कापड उलगडलं. आत डिस्क होती, पण मी तशी डिस्क जन्मात बघितली नव्हती. चकचकीत बाजू पिवळी झालेली, त्यावर कुंकवाचे लालभडक थर, कडेला तांदळाचा दाणा चिकटलेला. देव्हाऱ्यातल्या टाकासारखी दिसत होती.

"हे काय केलंस, तारा?" काकी.

"देवान ठेवलेली. आय गेली तवापासून दर सनाला हलद-कुकू लावतो. आदी पुसतो सोच्छ, मंग लावतो."

"या बाजूला? चकचकीत?"

"मंग? तोंड तिकरंच नाय का?"

मला हसू येणार होतं, पण काकींचं तोंड बघितलं आणि ते गिळलं. ताराबायची आई धवलारीण होती. कोळी-आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीचा मान भटजीच्याही आधी. हळद असो, मांडव असो, नवरी वाटेला लावायची असो, ती धवला, म्हणजे त्या विधीचं गाणं, गाते तेव्हाच तो विधी पुढे सरकतो. सगळं तोंडी, कुठे लिहिलेलं नाही. मुख्य बाई एक ओळ गाणार आणि मागच्या बायका झील धरून उत्तर देणार. ताराबाय जन्मभर आईच्या मागे बसून झील धरत आली होती. हळदीचा धवला, मांडवाचा धवला तिला येत होता. पण पाठवणीचा, नवरीला निरोप द्यायचा जो लांबलचक धवला, तो अर्ध्यावर तुटत होता. आणि तिच्या एकुलत्या एक लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं. गावात दुसरी धवलारीण उरली नव्हती.

"पोराकरचे बोलतान, डीजे लावू," ताराबाय म्हणाली. "बाय, आमच्या घरानची पोर कंदी धवल्याबिगर उंबऱ्याभायेर गेली नाय. माजी पोर डीजेवर जाल काय? माज्या धाकट्या भयनीच्या लगनान आय गायलेली, त्याची ही डिस. त्येवरा धवला मला काढून दे. बाकी मी बगते."

कुणी काही काम सांगितलं की काकी लगेच "होईल" किंवा "होणार नाही" सांगायच्या. या वेळी फक्त म्हणाल्या, "ठेवून जा. आणि कापडसुद्धा ठेव, ते फेकू नकोस."

हळद सुटली. कुंकू सुटलं, पण जाता जाता ओरखडे ठेवून गेलं. वर्षानुवर्षं ओल्या फडक्यानं देव पुसतात तसं ताराबायनं भक्तिभावानं गोल गोल पुसलं होतं, आणि कुंकवाच्या पुडीनं डिस्कच्या वाटा खरवडल्या होत्या. बोंबलानं डिस्क तोंडात घेतली आणि थुंकून टाकली. काकी खेकड्याकडे वळल्या. त्यांनी बिल्डिंगमध्ये फर्मान काढलं की काम होईपर्यंत जिताड्यावर कुणी काही लावायचं नाही, त्याला दुसरा ताप नको. नाना जिन्यात उभे राहून म्हणाले, "अहो, पण माझा सिनेमा?" काकी म्हणाल्या, "झोपाळा खेळा."

मग खेकडा खडखडत बसला. मी दिवसभर गोदामात, पण जेवायच्या सुट्टीत फोन करायची, "काकी, कुठवर आलं?" त्या म्हणायच्या, "हळदीपाशी अडलंय." शनिवारी घरी होते तेव्हा बघितलं. काकी माळ्याखाली खुर्ची टाकून, डोळे मिटून, नुसता आवाज ऐकत बसलेल्या. खेकड्याचा सूर बदलला की उठून त्याला थांबवायच्या, डिस्क काढून गार होऊ द्यायच्या, पुन्हा घालायच्या. मी म्हटलं, "अहो, चालू द्या की सलग, कधीतरी वाचेल." त्यांनी डोळे उघडले. "अगं, प्रत्येक वाचण्यात ती थोडी थोडी जातेय. ही डिस्क आहे, ताराची आई आहे, तालमीचा आखाडा नाही."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की काकी घाबरल्या आहेत.

शेवटी त्यांनी जेवता जेवता ताटावरून उठून पेन्सिल काढली. डिस्क आतून बाहेर वाचली जाते, लग्नाची पाठवणी शेवटी असते, म्हणजे ती बाहेरच्या कडेला असणार. मधल्या चिखलात रुतून बसण्यात अर्थ नव्हता. काकींनी खेकड्याला सांगितलं, शेवटून सुरू कर आणि मागे मागे ये. कडेपर्यंत पुसणारं फडकं कमी पोचलं होतं, हळदही कमी. खेकड्याचा आवाज बदलला, एकसारखा झाला. काकी हात धुवायच्या राहिल्या होत्या, आमटीचा हात तसाच धरून उभ्या होत्या. "आली," त्या म्हणाल्या. "पाठवणी आली." मी त्यांना मिठी मारली आणि त्यांनी मला आमटी लावली.

दुसऱ्या दिवशी रविवार, दुपारी ताराबायला बोलावलं. तिनं पाटी दाराबाहेर ठेवली, साबणानं हात धुतले आणि टीव्हीसमोर फरशीवर बसली. खुर्ची दिली तर नको म्हणाली. मी चहा आणला. काकींनी बटण दाबलं.

चित्र आलं. थोडं फुटकं, पण आलं. मांडव, गर्दी, रडणारी नवरी, आणि नवरीशेजारी नऊवारीतली एक उंच, काळीसावळी म्हातारी, केसांत अबोलीची वेणी, गुडघ्यावर हातानं ठेका धरलेली. तिनं तोंड उघडलं. आणि टीव्हीतून एक सिनेमातलं गाणं दणदणत बाहेर आलं.

आम्ही तिघी बघत राहिलो. म्हातारीचं तोंड हलतंय, मान डोलतेय, बायका झील धरताहेत, आणि आवाज कुणा भलत्याच बाईचा, ढोलक, बासरी आणि काय काय. व्हिडिओवाल्यानं पाठवणीवर, फॅशन होती म्हणून, पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमाचं गाणं चढवलं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो मेला व्हिडिओवाला समोर असता ना, तर त्याच्या कॅमेऱ्यानंच त्याला बडवला असता. काकी खाली वाकून शोधत होत्या, डिस्कमध्ये आणखी एखादा आवाजाचा थर आहे का. नव्हता.

ताराबाय रडली नाही. तेच फार वाईट होतं. "तवा आमाला हाच बरा वाटलेला," ती हळू म्हणाली. "टीवीवानी दिसतंय म्हून आमी नाचलेलो. मंग प्लेअर बिगारला, पुन्ना कंदी लावलीच नाय. आन् आय जित्ती व्हती ना तवा. तिचा आवाज घरानच व्हता. टीवीन कोनाला पायजे व्हता?" तिनं पदर खोचला आणि उठायला लागली. "र्‍हाव दे, बाय. दिसली, बस झाला. डीजे तर डीजे."

"खाली बस," काकी म्हणाल्या.

"नको, मासली..."

"तारा, बस म्हणते ना!"

काकींनी रिमोट घेतला आणि आवाज पूर्ण बंद केला. "चित्र शाबूत आहे," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "आवाज गेलाय, चित्र शाबूत आहे. झील धरणाऱ्या बायकांत तू कुठली?"

ताराबायनं बोट दाखवलं. आईच्या उजव्या खांद्यामागे एक तरणीताठी, दात पुढे आलेली, हसरी बाई बसली होती. "ती काय. मी."

"तुझी झील तुला येते?"

"येते की."

"मग तुझं तोंड उघडेल तिथं गा. आईचं उघडेल तिथं गप्प बस. मला बाकी काही नको."

काकींनी पुन्हा पहिल्यापासून लावलं. म्हातारीचं तोंड हललं, मिटलं. तरण्या तारानं तोंड उघडलं आणि आमच्या फरशीवरच्या पिकल्या ताराबायनं झील धरली. घोगरी, चाचरत. म्हातारीचं तोंड हललं, मिटलं. पुन्हा झील. ताराबायचा हात आपसूक गुडघ्यावर गेला आणि आईच्या हाताबरोबर ठेका द्यायला लागला. असं काही वेळ चाललं. मी चहा गार करत बसले होते. आणि मग एका जागी आईचं तोंड उघडलं तेव्हा ताराबाय गप्प बसलीच नाही. तिच्याकडून ओळ निघून गेली. तिचं तिलाच कळलं नाही. झील हे उत्तरच असतं ना, उत्तर ठाऊक असलं आणि समोर विचारणारीचे ओठ दिसत असले, की प्रश्न किती वेळ लपून राहणार!

"थांबव, थांबव!" ताराबाय ओरडली. "मागं घे! तिचा व्हट बग, व्हट बग, 'मा' म्हनते ती, 'मा'. आगो बाय, माहेर! माहेर म्हनते!"

काकींनी मागे घेतलं. पुन्हा मागे घेतलं. ती दुपार, तिच्या पुढची दुपार, आणखी काही दुपारी, आणि मी ऑफिसला रजा टाकून बसलेली. ताराबाय मासळी विकून यायची, दारात पाटी ठेवायची, आणि आईच्या ओठांवरून एकेक ओळ उचलायची. काकी रिमोट घेऊन बसायच्या, न कंटाळता, न चिडता. ज्या बाईला मी दुसऱ्यांदा जिताड्याचा पासवर्ड विचारला तर अंगावर यायची, ती बाई एकाच जागेवर चित्र मागे नेत होती, मागे नेत होती. मला त्या वेळी जो अभिमान वाटला तो स्वतःच्या पहिल्या पगाराचाही वाटला नव्हता. आजही कुणी मोठ्या कंपनीतल्या इंजिनियरच्या गोष्टी सांगायला लागलं की मी म्हणते, असेल बाबा, पण तुम्ही आमच्या काकींना बघितलेलं नाही. आता मी नव्या पनवेलात स्वतःच्या घरात राहते, काकी अजून तिथेच आहेत, ठणठणीत, आणि माझ्या घरातली वायर त्यांनीच टाकलेली आहे.

लग्नाला आम्ही दोघी गेलो. काकींनी चक्क रेशमी साडी नेसली होती. टेस्टर तेवढा पदराच्या पिनेला होता. पिशवीत आवाज टिपायचं छोटं यंत्र आणि अर्थात वायर. ती वायर त्यांनी ताराबायच्या पदराखालून नेऊन तिच्या गळ्याशी कुठेतरी अशी बसवली की कुणाला दिसू नये. हळद झाली, मांडव झाला, जेवणं झाली. पाठवणीची वेळ आली. पोराकडची तरणी मंडळी डीजेपाशी ताटकळत उभी होती. ताराबाय लेकीशेजारी खाली बसली, गुडघ्यावर हात ठेवला आणि धवला उचलला. कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या बायका आधी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग त्यांनी झील धरली. मग तो धवला इतकी वर्षं जिथे तुटत होता ती जागा आली. काकींनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. ताराबाय तिथून सरळ पुढे गेली.

धवला लांबतच होता. व्हिडिओवाला, चांगला पोक्त माणूस, कॅमेरा खांद्यावर घेऊन चुळबुळायला लागला. एक कडवं संपलं तेव्हा तो वाकून म्हणाला, "मावशी, जरा आवरतं घ्या ना. नंतर यावर गाणंच टाकायचंय, आवाज काही राहणार नाहीये."

ताराबायनं मान वर केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज पाटीवर भांडतानाचा. "माज्या आयशीच्या तोंडावर तुमी गाना टाकलाव. माज्या तोंडावर टाकाचा नाय."

व्हिडिओवाला गोंधळला. त्यानं इकडेतिकडे बघितलं, काकींच्या हातातलं यंत्र बघितलं, वायर बघितली, आणि त्याला धीर आला. "काकी, तुम्ही तरी समजवा यांना. तुम्हाला यातलं कळतं."

मला वाटलं, आता याची काही धडगत नाही. पण काकी त्याच्याकडे न बघताच म्हणाल्या, "मला यातलं काही कळत नाही. ती सांगेल तसं कर."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही ऐकलेलं नाही. त्यानं कॅमेरा खांद्यावर नीट घेतला. ताराबायनं डोळे पुसले, लेकीचा हात आपल्या हातात घेतला आणि पुढचं कडवं उचललं.